वंश, जन्म आणि श्रम : पोकेमॉनच्या युद्धनियमांचा एक इतिहास

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या लघुप्रबंधासाठी विद्यार्थी विषय सुचवतात, तेव्हा आम्हा प्राध्यापकांना नकार देण्याची एक सवय जडलेली असते. 'आवाका मोठा आहे', 'साधने मिळणार नाहीत', 'यावर पुष्कळ झाले आहे' ही त्या नकाराची ठरलेली वाक्ये. मात्र एका विद्यार्थ्याने 'पोकेमॉन या व्हिडिओ गेममधील युद्धनियमांचे आकलन' असा विषय कागदावर लिहून आणला, तेव्हा यांपैकी एकही वाक्य आम्हाला उपयोगी पडेना. शेवटी आम्ही म्हणालो, "अरे, हा मराठीचा विभाग आहे." त्यावर तो अतिशय शांतपणे म्हणाला, "मॅडम, यात गोष्ट फारशी नाहीच. व्याकरण आहे. लोक पंचवीस-तीस वर्षे ते व्याकरण वाचत आहेत, आणि कसे वाचतात ते मला लिहायचे आहे."

विषय आम्ही नाकारला. अभ्यासमंडळाच्या चौकटीत तो बसत नव्हता हे खरे, पण नाकारताना आम्हाला त्यातले काही ठाऊक नव्हते हेही तितकेच खरे. अज्ञानातून दिलेला नकार मनाला टोचत राहतो. त्या टोचणीपोटी पुढचे काही महिने आम्ही जे वाचले, विचारले आणि थोडेफार खेळूनही पाहिले, त्याचा हा गोषवारा. त्या विद्यार्थ्याचे म्हणणे कितपत खरे होते याचा निवाडा वाचकांनीच करावा.

प्रारंभ एका मुलाच्या छंदापासून होतो. सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५चा. टोकियोच्या पश्चिमेकडील माचिदा या उपनगरात ते वाढले. लहानपणी डबकी, शेते आणि झाडी धुंडाळून किडे गोळा करणे हा त्यांचा ध्यास होता. पुढे शहर वाढले आणि किड्यांच्या जागा बुजत गेल्या. तरुणपणी ताजिरी व्हिडिओ गेमांच्या दुकानांत रमू लागले. १९८३ साली त्यांनी 'गेम फ्रीक' नावाचे हस्तलिखित वळणाचे एक नियतकालिक सुरू केले. खेळ कसे जिंकावेत आणि त्यांत काय दडले आहे, हे सांगणारे ते पत्र होते. चित्रकार केन सुगिमोरी या नियतकालिकामुळेच त्यांच्याशी जोडले गेले. १९८९ साली याच नावाची कंपनी उभी राहिली. म्हणजे खेळ निर्माण करणारी ही मंडळी आधी खेळांची वाचक आणि समीक्षक होती. लघुनियतकालिकांतून लेखक घडण्याची परंपरा मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच १९८९ साली निन्टेंडो कंपनीचे 'गेम बॉय' हे खिशात मावणारे यंत्र बाजारात आले. दोन यंत्रे एका तारेने जोडण्याची सोय त्यात होती. तोवर ही तार मुख्यत्वे स्पर्धेसाठी वापरली जाई. या तारेवरून किडे एका यंत्रातून दुसऱ्यात सरपटत जात आहेत, असे चित्र ताजिरींच्या मनात उभे राहिले आणि त्यातून देवाणघेवाणीची कल्पना सुचली. 'कॅप्सूल मॉन्स्टर्स' या प्राथमिक नावापासून निघालेली ही कल्पना प्रत्यक्षात यायला सुमारे सहा वर्षे लागली. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये 'रेड' आणि 'ग्रीन' अशा दोन आवृत्त्या प्रसिद्ध झाल्या. प्राणी एकंदर १५१. मात्र कोणत्याही एका आवृत्तीत ते सर्व सापडत नसत, त्यामुळे संग्रह पुरा करायचा तर दुसऱ्या माणसाकडे जाणे भाग होते.

संग्रहाची ही बाजू सर्वांना माहीत आहे. दोन हजारनंतरच्या काही वर्षांत आपल्याकडेही मुले दूरदर्शनसंचासमोर बसून ही मालिका हिंदीत पाहत आणि चिप्सच्या पाकिटांतून निघणाऱ्या चकत्या जमवीत. पण ती मालिका म्हणजे त्या विश्वाची गोष्ट. युद्धाची रीत तीतून कळत नाही. गोष्टीत नायकाचे धैर्य जिंकते, खेळात बेरीज-गुणाकार जिंकतो. आमचा विषय हा गुणाकार आहे.

युद्धाचे अंकांत रूपांतर करण्याची कल्पना पोकेमॉनची नव्हे. प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युद्धसरावाचा खेळ तयार केला. पुत्राने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत फासे टाकून आणि कोष्टके पाहून पलटणीची हानी ठरवली जाई. अमेरिकेत १९७४ साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने ही गणिते पलटणीऐवजी एकेका पात्राला लावली. १९८६ साली जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' आला आणि शाळकरी मुलाला पेलतील अशा सुटसुटीत स्वरूपात ही पद्धत घरोघरी पोहोचली. पोकेमॉन हा याच शाखेचा वारस आहे.

दुसरा वारसा मात्र अस्सल जपानी, आणि मुळात चीनमधून आलेला. हाताच्या बोटांनी खेळायचे काही जुने खेळ जपानमध्ये आहेत. त्यांतल्या एकात बेडूक, साप आणि गोगलगायीच्या जातीचा एक बिनकवचाचा प्राणी अशी तिघे असतात. साप बेडकाला खातो, बेडूक त्या प्राण्याला खातो आणि तो प्राणी सापाला भारी पडतो. तिघेही एकमेकांना वचकून, त्यामुळे अजिंक्य कोणीच नाही. या रचनेला 'सान्सुकुमी', म्हणजे तिहेरी वचक, असे नाव आहे. 'दगड-कागद-कात्री' हे तिचे जगभर पसरलेले रूप. पोकेमॉनचा खेळाडू आरंभी ज्या तीन प्राण्यांतून एक निवडतो, ते अग्नी, जल आणि वनस्पती या तीन प्रकारांचे असतात. पाणी आग विझवते, आग वनस्पती जाळते, वनस्पती पाणी शोषते. नियम पाठ करावा लागत नाही, तो निसर्गातच वाचायला मिळतो.

१९९६ साली असे १५ प्रकार होते. प्रत्येक प्रकाराचा प्रत्येकावर काय परिणाम होतो, याचे २२५ घरांचे कोष्टक आतमध्ये होते. परिणाम चार प्रकारचे : दुप्पट, सम, निम्मा आणि शून्य. एकाच प्राण्याला दोन प्रकार असू शकतात, आणि अशा वेळी दोन्ही परिणामांचा गुणाकार होतो. आज प्रकार १८ आहेत, कोष्टकाची घरे ३२४ झाली आहेत आणि एकेरी-दुहेरी मिळून १७१ संयोग संभवतात.

हानी कशी ठरते, याचे सूत्र एका उदाहरणाने सांगतो. ५० व्या पातळीचा एक जलप्राणी, त्याच्या हल्ल्याचा अंक १००, समोरच्याच्या बचावाचा अंकही १००, आणि चालीची ताकद ९५. पातळीची दुप्पट करून पाचाने भागायचे आणि दोन मिळवायचे : २२. त्याला ९५ने गुणायचे आणि हल्ला-बचावाच्या गुणोत्तराने, म्हणजे इथे एकाने, गुणायचे : २०९०. पन्नासाने भागून अपूर्णांक सोडून द्यायचा : ४१. त्यात दोन मिळवायचे : ४३. चाल प्राण्याच्या स्वतःच्या प्रकाराची असेल तर दीडपट : ६४. समोर अग्नीचा प्राणी असेल तर दुप्पट, १२८. वनस्पतीचा असेल तर निम्मे, ३२. पहिल्या पिढीच्या खेळांत शेवटी २१७ ते २५५ यांमधला कोणताही एक अंक उचलून त्याने गुणायचे आणि २५५ने भागायचे. म्हणजे १२८चे प्रत्यक्षात १०८ ते १२८ यांमध्ये काहीही होऊ शकते. एकच प्राणी, एकच चाल, पण समोर कोण आहे यावर हानी चौपट बदलते. सूत्रात बळापेक्षा नात्याला महत्त्व आहे, ते असे.

या अंकगणिताला नाट्य मिळते ते एका साध्या नियमामुळे. बुद्धिबळात खेळाडू आळीपाळीने चाल करतात. पोकेमॉनमध्ये दोघेही आपापली चाल गुपचूप आणि एकाच वेळी ठरवतात, आणि मग वेगाच्या अंकानुसार त्या चाली घडतात. प्राणी बदलायचा तर तीही एक चाल धरली जाते. समोरचा माझ्या अग्निप्राण्यावर पाणी सोडणार असे मला वाटले, तर मी वनस्पतीचा प्राणी पुढे आणतो. पण मी तसे करीन हे त्याने ओळखले, तर तो पाणी सोडणारच नाही. मग त्याने ओळखले हे मी ओळखले तर? प्रतिस्पर्ध्याच्या मनाचा हा ठाव घेण्याला जपानी खेळाडू 'योमि' म्हणतात. 'योमि' या शब्दाचा मूळ अर्थ 'वाचन'. हे कळले तेव्हा आमच्या नकाराला पहिला तडा गेला.

दुसरा तडा पाठभेदांनी दिला. १९९६च्या खेळात मनःशक्तीचा एक प्रकार होता आणि भुतांचा एक. मनःशक्तीचे प्राणी भुतांना आणि किड्यांना भितात, असे खेळातलेच एक पात्र सांगते. दूरचित्रवाणीवरील मालिकेतही मनःशक्तीच्या गुरूला हरवण्यासाठी नायक भूत शोधायला निघतो. प्रत्यक्ष कोष्टकात मात्र भुताच्या हल्ल्याचा मनःशक्तीवरील परिणाम शून्य नोंदवला होता. पात्र एक बोलत होते, संहिता दुसरेच करीत होती. किड्यांच्या चाली दुबळ्या होत्या. शिवाय हल्ला आणि बचाव या दोन्हींसाठी 'विशेष' नावाचा एकच अंक असल्याने मनःशक्तीचे प्राणी दोन्हीकडून बळकट झाले. परिणामी जाणत्यांच्या स्पर्धांत या एका प्रकाराचा दबदबा निर्माण झाला. १९९९च्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या आवृत्त्यांत शून्याच्या जागी दुप्पट आले आणि 'विशेष' अंक हल्ला व बचाव असा दुभागला गेला.

असे दोष आणखीही होते. 'शंभर टक्के अचूक' म्हणून सांगितलेली चाल आतमध्ये २५५ या अंकाने नोंदवलेली असे. यंत्र ० ते २५५ यांतला कोणताही एक अंक काढी, आणि तो २५५हून लहान असला तरच चाल लागे. म्हणजे २५६ वेळांत एकदा अचूक चालही चुकायची. सावधान होऊन मर्मघाताची शक्यता चौपट करणारी एक चाल होती, ती प्रत्यक्षात ही शक्यता चौथ्या हिश्श्यावर आणी. खेळणाऱ्या मुलाला यातले काहीच दिसत नसे. त्याला केवळ दैव प्रतिकूल वाटे.

हे दोष उघड झाले ते वाचकांमुळे. १९९६ ते २००० या काळात जगभरच्या हौशी मंडळींनी शेकडो लढतींच्या नोंदी ठेवल्या, अंक ताडून पाहिले, सूत्रे मांडली आणि खोडली. पुढे स्वयंसेवकांनी मूळ यंत्रसंकेत सुटा करून वाचता येईल अशा रूपात उलगडला. २००४ साली सुरू झालेल्या 'स्मोगॉन'सारख्या समुदायांनी या ज्ञानाचे कोश केले. आज कुठल्याही पिढीचे नियम त्यांच्या दोषांसह जाणून घेता येतात.

इथे मराठीच्या अध्यापकाला ज्ञानेश्वरी आठवणे अपरिहार्य आहे. शके १५०६मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, एकनाथांनी पाठांतरातून आणि नकलांतून शिरलेले अपपाठ काढून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली, आणि शुद्ध कशाला म्हणावे हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. दोहोंची योग्यता एक मानण्याचा अविचार आम्ही करणार नाही. पण प्रश्नाची जात एकच आहे. कर्त्याच्या मनात होते ते खरे, की पानावर उतरले ते? इंग्रजी समीक्षेत विम्सट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ साली कर्त्याच्या हेतूला अर्थनिर्णयात स्थान नाकारले, तेव्हापासून हा वाद आपण वर्गात शिकवतो. पोकेमॉनचे जुने खेळाडू या वादात ठामपणे एका बाजूला उभे आहेत. पहिल्या पिढीचा खेळ आजही ज्या स्पर्धांत खेळला जातो, तिथे भूत मनःशक्तीपुढे निष्प्रभच असते आणि अचूक चाल २५६त एकदा चुकतेच. हेतू काहीही असो, संहिता प्रमाण.

तिसरी गोष्ट नावांची. १९९९ साली जो एक नवा प्रकार आला, त्याचे जपानी नाव 'अकु', म्हणजे दुष्ट. इंग्रजी भाषांतरात त्याचे 'डार्क', म्हणजे अंधार, झाले. भाषांतराबरोबर नियमांचा अर्थ हरवला. मल्लविद्येचा प्रकार अंधाराला भारी का पडावा, याचे उत्तर इंग्रजी वाचकाजवळ नाही. जपानी वाचकाला ते सांगावेच लागत नाही, कारण नियमनिष्ठ मल्लाने दुष्टाला नमवावे हे त्याच्या कथापरंपरेत रुजलेले आहे. या प्रकारच्या चालींची जपानी नावे पाहिली तर चित्र स्पष्ट होते. एकीचे नाव 'चोर', दुसरीचा अर्थ बेसावध गाठून घात करणे, तिसरीचा पळणाऱ्याचा पाठलाग करून मारणे, चौथीचा अनेकांनी मिळून एकाला बडवणे. महाभारताच्या वाचकाला ही यादी अनोळखी नाही. सौप्तिकपर्वातील रात्र आणि चक्रव्यूहातील अभिमन्यू हे दोन्ही तिच्यात आहेत. दुष्टपणा इथे प्राण्याच्या काळ्या रंगात नसून युद्धधर्म मोडण्यात आहे. 'अंधार' या शब्दाने नेमके हेच झाकले.

नाव आणि नियम यांचा बेबनाव मूळ जपानीतही होता. पहिल्या तीन पिढ्यांत चाल शारीरिक की 'विशेष', हे तिच्या प्रकारावरून ठरे. अग्नी, बर्फ आणि वीज यांच्या साऱ्या चाली 'विशेष' समजल्या जात. त्यामुळे अग्नीचा ठोसा, बर्फाचा ठोसा आणि विजेचा ठोसा हे तिन्ही ठोसे असूनही शारीरिक नव्हते. मुष्टियोद्ध्याच्या रूपातला हिटमोनचॅन हे तिन्ही ठोसे शिके. त्याच्या शारीरिक हल्ल्याचा मूळ अंक १०५ होता आणि विशेषचा केवळ ३५. आपल्या नावाची विद्याच त्याला दुबळेपणाने वापरावी लागे. २००६च्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये प्रत्येक चालीचे स्वरूप स्वतंत्रपणे ठरवले गेले. त्या वर्षी मुष्टियोद्ध्याचा ठोसा दहा वर्षांनी ठोसा झाला.

आता या इतिहासातला जो भाग आम्हाला सर्वांत अस्वस्थ करून गेला, त्याकडे वळतो.

प्राण्याचे बळ कशाने ठरते? जपानी खेळाडूंनी त्यासाठी तीन शब्द रूढ केले. 'शुझोकुचि' म्हणजे वंशमूल्य, जे त्या जातीच्या सर्व प्राण्यांना समान असते. 'कोताइचि' म्हणजे व्यक्तिमूल्य, जे त्या एका प्राण्याला जन्मतःच आणि चिठ्ठी उचलावी तसे मिळते. 'दोर्योकुचि' म्हणजे श्रममूल्य, जे लढून मिळवायचे असते. वंश, जन्म आणि श्रम. मराठी वाचकाला या तीन शब्दांपुढे थबकावेसे वाटले नाही तरच नवल. कर्णाच्या तोंडी आपली परंपरा जो प्रश्न पुनःपुन्हा घालत आली, तोच इथे तीन अंकांत मांडलेला आहे. आणि हे तिन्ही अंक खेळात दडवून ठेवलेले होते. प्राण्याची पातळी दिसे, बळ दिसे, पण त्या बळात वंशाचा वाटा किती, जन्माचा किती आणि कष्टाचा किती, हे पडद्यावर कुठेच लिहिलेले नसे.

पहिल्या दोन पिढ्यांत व्यक्तिमूल्य ० ते १५ यांमध्ये असे. दुसऱ्या पिढीत प्राण्यांना नर-मादी हा भेद मिळाला. नव्या खेळातील प्राणी जुन्या खेळात नेता यावेत अशी सोय राखल्याने नोंदीत नवे घर वाढवायला वाव नव्हता. म्हणून लिंग ठरवण्यासाठी हल्ल्याचे व्यक्तिमूल्यच वापरले गेले. ज्या जातींत नर-माद्या निम्म्यानिम्म्या, तिथे ० ते ७ म्हणजे मादी आणि ८ ते १५ म्हणजे नर. म्हणजे कोणतीही मादी त्या जातीच्या कोणत्याही नरापेक्षा हल्ल्यात जन्मतः उणीच. उत्तम नर आणि उत्तम मादी यांत शंभराव्या पातळीवर १६ गुणांचे अंतर पडे. हे कोणी द्वेषाने केले असे म्हणता येत नाही. जागा वाचवायची होती, आणि वाचवताना कोणाच्या पदरचे काढून घेतले जात आहे याकडे लक्ष गेले नाही. पण मादीलाच उणा अंक द्यावा हे मात्र कोणीतरी ठरवलेच असणार. उलटेही करता आले असते. विषमता पुष्कळदा अशीच, सोयीच्या पोटी आणि सवयीच्या हाताने, नोंदवहीत शिरते. २००२च्या 'रुबी' आणि 'सॅफायर'मध्ये जुन्या खेळांशी असलेला दुवा तोडला गेला. व्यक्तिमूल्य ० ते ३१ झाले आणि लिंग त्यापासून वेगळे काढले गेले.

त्याच २००२ साली श्रममूल्याचे रूपही पालटले. आधी पुरेसे लढणाऱ्या प्राण्याला सर्व गुणांत कळस गाठता येई. आता एकूण श्रमाला ५१० ही मर्यादा आली, आणि एका गुणात २५२ पलीकडचे श्रम वाया जाऊ लागले. सगळेच मिळवता येणार नाही, निवड करावी लागेल. खेळाची खोली इथे वाढली यावर जाणकारांचे एकमत आहे.

पण हिशेब नीट पाहावा. शंभराव्या पातळीवर २५२ श्रमांचे ६३ गुण होतात, तर उत्तमातल्या उत्तम जन्माचे ३१. म्हणजे श्रमाचे मोल जन्माच्या दुपटीहून अधिक. हे वाचून आम्हाला क्षणभर बरे वाटले. मग लक्षात आले की श्रम सर्वांनाच उपलब्ध आहेत. स्पर्धेत उतरणारा प्रत्येकजण ६३ गुण घेऊनच येतो. सर्वांचे श्रम समान झाले की उरतो तो फरक जन्माचाच. गुणवत्तेच्या चर्चा आपल्याकडे वर्षानुवर्षे चालल्या आहेत, त्यांत हा साधा मुद्दा इतक्या स्वच्छपणे मांडलेला आम्हाला क्वचितच आढळला.

त्यातून जे व्हायचे तेच झाले. १९९९पासून खेळात अंडी होती. जाणते खेळाडू उत्तम जन्माच्या शोधात शेकडो अंडी उबवू लागले आणि ३१चा अंक नसलेली पिले सोडून देऊ लागले. जंगलात किडे शोधणाऱ्या मुलाच्या आठवणीतून निघालेला खेळ वंशशुद्धीच्या कारखान्याशी येऊन ठेपला. कर्त्यांनाही हे जाणवले असावे, कारण पुढच्या सुधारणांची दिशा स्पष्ट आहे. २०१३च्या 'एक्स' आणि 'वाय'मध्ये श्रममूल्य पडद्यावर दिसू लागले आणि चांगला जन्म मिळवणे पुष्कळ सोपे झाले. २०१६च्या 'सन' आणि 'मून'मध्ये शंभराव्या पातळीला पोहोचलेल्या प्राण्याला विशेष शिक्षण देऊन जन्मातली उणीव भरून काढता येऊ लागली. २०२२च्या 'स्कार्लेट' आणि 'व्हायोलेट'मध्ये ही अट पन्नासाव्या पातळीवर आली.

यातही एक बारकावा आहे. या शिक्षणाने प्राण्याचा मूळ अंक पुसला जात नाही. युद्धात तो ३१ धरला जातो, एवढेच. आतल्या नोंदीत जन्माचा खरा अंक तसाच राहतो, आणि संततीकडे जातो तोही तोच. प्रतिष्ठा मिळाली, पण दप्तरातली नोंद बदलली नाही. हे वाचून आमच्यापैकी एकाने पुस्तक मिटून ठेवले आणि बराच वेळ कोणी बोलले नाही.

१९९९च्या खेळात अखेरच्या चार गुरूंपैकी कॅरेन नावाची एक स्त्री आहे. बलवान प्राणी आणि दुबळे प्राणी हा भेद माणसांच्या स्वार्थी दृष्टीचा आहे, खऱ्या कुशल माणसाने आपल्या आवडत्यांना घेऊन जिंकून दाखवावे, अशा आशयाचे ती बोलते. बोलणारी ही गुरू 'दुष्ट' प्रकाराची आहे, हे ध्यानात घ्यावे. जाणत्यांनी अनेक वर्षे या बोलण्याला भाबडेपणा मानले. अंक भावनेला ओळखत नाहीत, असे ते म्हणत.

ऑगस्ट २०१४मध्ये वॉशिंग्टन येथे जागतिक स्पर्धा झाली. तिथे दक्षिण कोरियाचा से जुन पार्क पाचिरिसु नावाची वीजखार घेऊन उतरला. तिच्या सहा वंशमूल्यांची बेरीज ४०५, तर त्याच स्पर्धेत नित्य दिसणाऱ्या गार्चोम्पची ६००. ही लढत दोन विरुद्ध दोन अशी असते. पाचिरिसुची मुख्य चाल होती शत्रूचे हल्ले स्वतःकडे ओढून घेण्याची. तिचे जपानी नाव 'कोनो युबि तोमारे'. खेळायला गडी जमवताना जपानी मुले एक बोट वर धरून अशी हाक देतात, ज्याला खेळायचे त्याने हे बोट धरावे. ती दुबळी खार बोट वर धरून उभी राहिली, शत्रूचे घाव अंगावर घेत राहिली, आणि तिच्या आडून तिचे साथीदार लढले. पार्क विश्वविजेता झाला.

या विजयाचे भावुक अर्थ पुष्कळ लावले गेले. अर्थ लावताना सावध राहावे, असे आम्हाला वाटते. पार्कने गणित झुगारले नव्हते. कोणता घाव सोसता यावा याचा विचार करून त्याने खारीचे श्रम बचावाकडे वळवले होते. त्याने वेगळे केले ते इतकेच की सर्वांनी वंशमूल्याच्या ज्या यादीवरून नजर फिरवली होती, ती त्याने पुन्हा एकदा, ओळीओळीने वाचली. दुबळेपणा हा अंकात नसून कोष्टक घाईने वाचण्यात होता. कॅरेनचे बोलणे आणि अंकगणित यांत विरोध नव्हताच. विरोध होता तो आळशी वाचनाशी.

आणि आळशी वाचन आमचेही होते. एका विषयाच्या नावावरून आम्ही त्याचे वंशमूल्य ठरवले आणि आत काय दडले आहे हे न पाहता तो बाजूला सारला. त्या विद्यार्थ्याने पुढे ग्रामीण कथेवर लघुप्रबंध लिहिला, चांगला लिहिला, आणि तो उत्तीर्ण होऊन गेला. त्याला आम्ही हा लेख पाठवणार आहोत. आमच्या नकाराची नोंद आता पुसता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पुढच्या वर्षी कोणी असाच एखादा कागद घेऊन आला, तर निदान तो शेवटपर्यंत वाचून मग बोलावे, इतके आम्ही ठरवले आहे.